सहकाऱ्यांच्या सोबतीने विद्यार्थिकेंद्री अध्यापन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपला तास बदलायचा आहे, पण सुरुवात कुठून आणि कुणाबरोबर करायची हे ठरत नाही, अशा विद्यापीठातल्या आणि महाविद्यालयातल्या प्राध्यापकांसाठी हे प्रश्न आणि उत्तरं आहेत. शेवटाकडचे काही प्रश्न विभागप्रमुखांचे आहेत. ते त्यांनी आधी वाचले तरी चालेल.

विद्यार्थिकेंद्री अध्यापन म्हणजे प्राध्यापकांनी शिकवायचंच नाही का?

शिकवायचं, आणि मन लावून शिकवायचं. फरक पडतो तो तयारीला बसल्यावर मनात येणाऱ्या पहिल्या प्रश्नात. "उद्या मी काय सांगणार?" असं न म्हणता "उद्या तास संपताना विद्यार्थ्यांना काय करता आलं पाहिजे, आणि ते येतंय हे मला कसं कळणार?" इथून सुरुवात होते. मग तासाला विद्यार्थी काहीतरी करत असतात. उदाहरण सोडवतात, शेजाऱ्याशी वाद घालतात, दोन उतारे शेजारी ठेवून तुलना करतात, एखाद्या युक्तिवादातलं कच्चं गृहीतक हुडकतात. प्राध्यापक ऐकतात, कुठे अडलंय ते हेरतात आणि तेवढं नीट समजावून सांगतात. व्याख्यान राहतंच. फक्त ते विद्यार्थ्यांना अडल्यावर येतं, म्हणून त्यांचं लक्ष असतं.

गट पाडले, तक्ते चिकटवले, सादरीकरणं घेतली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. गटात बसून, हसून-खेळून, विषयाला हातही न लावता विद्यार्थी उठून जाऊ शकतात. त्यांनी नेमका कशावर विचार केला, एवढंच बघायचं.

याने खरंच फरक पडतो याला पुरावा आहे का?

आहे, आणि तो चांगला भक्कम आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. निव्वळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, तर विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होतं. परीक्षेतले गुणही सुमारे ६ टक्क्यांनी वाढले. २०२० मध्ये एली थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वर्गांची अशीच पाहणी केली. तिथल्या वंचित गटांतले विद्यार्थी आणि बाकीचे यांच्या गुणांमधली दरी अशा वर्गांत जवळपास एक तृतीयांशाने कमी झालेली दिसली. मला स्वतःला हा दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. हुशार म्हणवले जाणारे विद्यार्थी कशाही वर्गात तरून जातात. आपला तास कसा आहे याने खरा फरक पडतो तो बाकीच्यांना.

मग हे एकट्याने करता येणार नाही का? सहकारी कशाला हवेत?

सुरुवात एकट्याने करता येते. टिकवणं अवघड जातं.

चार्ल्स हेंडरसन, मेलिसा डॅन्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ७०० हून अधिक भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची पाहणी केली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्या पद्धती बहुतेकांना माहीत होत्या आणि अनेकांनी करूनही पाहिल्या होत्या. पण करून पाहिलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी त्या सोडून दिल्या होत्या. म्हणजे माहिती कमी पडत नव्हती. अडचण येते ती पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नानंतर. वर्गात शांतता पसरते, वेळेचं गणित चुकतं, कुणीतरी विचारतं, "सर, आज शिकवणार नाही का?" अशा दिवशी स्टाफरूममध्ये "काय झालं, कुठे अडलं?" असं विचारणारं कुणी नसेल, तर माणूस पुढच्या तासाला जुन्या नोट्स घेऊन जातो. त्यात त्याचा काही दोष नाही.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. आपल्या वर्गात आपल्याला जे दिसत नाही, ते दुसऱ्याला दिसतं. फळ्याकडे तोंड असलेल्या माणसाला शेवटच्या रांगेत काय चाललंय ते कसं कळणार?

आमच्याकडे दरवर्षी कार्यशाळा होते. ती पुरत नाही?

पुरत नाही. कार्यशाळेतून उत्साह येतो, चार नवी नावं कळतात. पण आपल्या विषयातल्या, आपल्या वर्गातल्या, येत्या मंगळवारच्या तासाचं काय करायचं हा प्रश्न तसाच राहतो. हेंडरसन, अँड्रिया बीच आणि नोआ फिंकेलस्टीन यांनी २०११ मध्ये १९१ लेखांचा आढावा घेतला. सर्रास वापरले जाणारे दोन मार्ग त्यांना निष्प्रभ आढळले. एक म्हणजे उत्तम साहित्य तयार करून ते प्राध्यापकांच्या हाती देणं. दुसरा म्हणजे वरून धोरण जाहीर करून बदलाची वाट पाहणं. माणसांच्या मूळ समजुतींना हात घालणारे, निदान एक सत्र किंवा त्याहून जास्त चालणारे आणि संस्थेचा स्वभाव ओळखून आखलेले प्रयत्न कामी आले.

कार्यशाळा घ्यायचीच असेल तर तिथे भेटलेल्या चार-पाच जणांनी पुढचं अख्खं सत्र भेटत राहायचं, असं आधीच ठरवून घ्या.

गट किती जणांचा असावा? एकाच विभागाचा की वेगवेगळ्या?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मायामी विद्यापीठात १९७९ पासून प्राध्यापकांचे असे अध्ययनगट चालत आले आहेत. मिल्टन कॉक्स यांनी ते वाढवले आणि त्यांचं स्वरूप इतरांसमोर मांडलं. तिथला आकार साधारण ८ ते १२ जणांचा, वेगवेगळ्या विषयांतल्या लोकांचा, आणि गट वर्षभर चालतो. प्रत्येक जण वर्षभरात आपल्या एका अभ्यासक्रमात एक बदल करून पाहतो आणि त्याचं काय झालं ते गटासमोर मांडतो.

वेगवेगळ्या विभागांच्या गटाचा मोठा फायदा असा की तिथे माणूस मोकळा बोलतो. रसायनशास्त्राच्या मॅडमसमोर इतिहासाच्या सरांना आपल्या विषयातली अब्रू जपायची नसते. एकाच विभागाच्या गटात अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, विद्यार्थी सगळं समान असल्यामुळे काम वेगाने पुढे जातं. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष मिश्र गटात काढावं, आणि हुरूप आला की दुसऱ्या वर्षी आपल्याच विभागात तिघा-चौघांचा गट बांधावा. यायचं की नाही हे प्रत्येकाने स्वतः ठरवावं. आदेशाने भरवलेल्या गटात सह्या तेवढ्या होतात.

बैठकीत नेमकं करायचं काय? गप्पाच होतात.

मधे विद्यार्थ्यांचं काम ठेवा. "हल्लीची मुलं वाचतच नाहीत" या वाक्याने सुरू झालेली बैठक कुठेच जात नाही. विद्यार्थ्यांनी लिहिलेले कागद टेबलावर आले की बोलणं आपोआप त्या कागदांकडे वळतं.

उदाहरण घेऊ. समजा, संख्याशास्त्राच्या मॅडमनी तासाच्या शेवटी पाच मिनिटं राखून फळ्यावर एक प्रश्न लिहिला: "दहा विद्यार्थ्यांचे गुण ४० ते ६० च्या दरम्यान आहेत. नोंद करताना सगळ्यात जास्त गुण ६० ऐवजी चुकून ६०० लिहिले गेले. सरासरीचं काय होईल? मध्यकाचं काय होईल? कारण लिहा." नाव न घालता चिठ्ठ्या गोळा केल्या आणि बैठकीला आणल्या. गटाने त्यांचे तीन ढीग केले. बरोबर आणि कारण पटणारं, असा एक. बरोबर पण कारण नाही, असा दुसरा. तिसरा चुकीच्या उत्तरांचा.

तिसरा ढीग मोठा निघाला. मॅडमचा पहिला अंदाज असा की मुलांनी सूत्र पाठ केलेलं नाही. पण गटातले मराठीचे सर त्या ढिगातल्या चिठ्ठ्या एकेक करून वाचू लागले आणि म्हणाले, "मॅडम, यांच्यातले बरेच जण ४० आणि ६०० ची बेरीज करून दोनने भागतायत. असं का?" विद्यार्थी दोन टोकांच्या मधोमधचा आकडा काढत होते. संख्या चढत्या क्रमाने मांडून मधल्या जागेवर कोण येतं ते पाहायचं असतं, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. नेहमीच्या गणितांत संख्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या असल्यामुळे दोन्ही रीतींनी जवळपास तेच उत्तर येत होतं आणि चूक झाकली जात होती.

मग गटाने मिळून पुढचा तास आखला. दहा विद्यार्थ्यांच्या हातात दहा आकडे द्यायचे आणि त्यांना चढत्या क्रमाने ओळीत उभं करायचं. शेवटच्याच्या हातातला ६० चा कागद काढून ६०० चा द्यायचा. मधे उभे असलेले दोघं जागचे हलतात का, हे वर्गाला विचारायचं. सरासरी ५४ ने वाढते आणि मध्यक तिथेच राहतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतः ताडून पाहायचं. पुढच्या आठवड्यात तशाच धर्तीचा नवा प्रश्न, नव्या चिठ्ठ्या, पुन्हा ढीग.

एवढं एका बैठकीत होतं. मराठीच्या सरांना मध्यक काढता येत नव्हता, तरी काही अडलं नाही. त्यांना विद्यार्थ्यांसारखं वाचता येत होतं, आणि तेच हवं होतं.

सहकारी माझ्या तासाला येऊन बसणार म्हटलं की पोटात गोळा येतो. हे करायलाच हवं का?

लगेच नको. दोन-तीन महिने चिठ्ठ्यांवर काम करा, एकमेकांवर विश्वास बसू द्या. पण कधीतरी कराच, कारण याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही.

बहुतेकांच्या मनात तासाला बसणं म्हणजे तपासणी असते. ते चित्र पुसायला काही गोष्टी आधी कबूल करून घ्याव्या लागतात. ज्यांचा तास आहे त्यांनी आधी सांगायचं की कशाकडे लक्ष द्यायचं. "मागच्या तीन रांगा प्रश्न सोडवतात का ते बघा", इतकं नेमकं. पाहुण्याने विद्यार्थी काय करतात ते लिहायचं. प्राध्यापकांबद्दल मत लिहायचं नाही. तासानंतर एक-दोन दिवसांत बोलायचं, आणि ज्यांचा तास होता त्यांनी आधी बोलायचं. टिपणं त्यांच्याकडेच राहणार. त्यांची प्रत विभागप्रमुखांकडे, वैयक्तिक फाइलमध्ये किंवा बढतीच्या अर्जात जाता कामा नये. ही शेवटची अट एकदा जरी मोडली, तर तो गट संपला असं समजा.

टिपणं कशी असावीत? "छान तास, विद्यार्थी रमले" याचा कुणाला काही उपयोग नाही. हे बघा: "१०.१२: 'का बरं असं होत असेल?' विचारलं. दोन सेकंदांत स्वतःच उत्तर दिलं. खिडकीजवळच्या दोघींनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. १०.१९: पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच. या वेळी कुणी पेन उचललंच नाही." यात ठपका कुठेच नाही, आणि तरीही वाचणाऱ्याला सगळं कळतं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांमधल्या वर्गांत हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरं लांबली, त्यांत कारणं येऊ लागली, आणि एरवी गप्प असणारे बोलू लागले.

दर दोन मिनिटांनी विद्यार्थी आणि प्राध्यापक काय करतायत याची खूण करण्याचा एक तयार तक्ताही आहे. त्याला कोपस म्हणतात, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चांगलं-वाईट ठरवायचं नसतं, नुसती नोंद करायची असते, म्हणून नवख्या गटाला तो सोयीचा पडतो.

विद्यार्थ्यांचं मत कसं घ्यायचं? सत्राअखेरचे फॉर्म तर भरून घेतोच.

ते फॉर्म त्या विद्यार्थ्यांच्या काहीच कामाचे नसतात, कारण तोवर सत्र संपलेलं असतं. मध्यावर विचारा, आणि स्वतः विचारू नका. वॉशिंग्टन विद्यापीठातून पसरलेली एक रीत फार उपयोगी आहे. सहकारी तुमच्या वर्गात येतात आणि तुम्ही बाहेर जाता. विद्यार्थी छोट्या गटांत बसून तीन गोष्टी ठरवतात: शिकायला कशाची मदत होते, कशाने अडतं, काय बदलता येईल. सहकारी ते पूर्ण वर्गासमोर मांडून बहुसंख्यांना मान्य आहे का ते विचारतात आणि नंतर निवांत बसून तुम्हाला सांगतात. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पुढच्या तासाला विद्यार्थ्यांना "तुम्ही हे म्हणालात, त्यातलं हे मी बदलतोय, हे बदलता येणार नाही कारण..." असं सांगायला विसरू नका.

पोर्शन कसा पूर्ण होणार?

सगळ्यात जास्त वेळा येणारा हा प्रश्न आहे आणि त्यामागची काळजी खरी आहे. पोर्शन राहिला तर विद्यार्थ्यांचं नुकसान होईल असं वाटणं हे चांगल्या प्राध्यापकाचं लक्षण आहे. पण पूर्ण कुणाचा होतो तेही बघायला हवं. फळ्यावर पूर्ण झालेला पोर्शन विद्यार्थ्यांच्या डोक्यात अर्धाही उतरलेला नसेल, तर आपण नेमकं काय पूर्ण केलं?

इथे गटाचा उपयोग होतो. एकाच विषयाचे तीन प्राध्यापक अभ्यासक्रम समोर ठेवून बसले की कोणते घटक पुढच्या सगळ्याचा पाया आहेत, कोणते विद्यार्थी स्वतः वाचून येऊ शकतात आणि कोणते केवळ प्रथा म्हणून शिकवले जातात, हे तासाभरात बऱ्यापैकी स्पष्ट होतं. एकटा माणूस घटक वगळायला घाबरतो. तिघांनी मिळून घेतलेल्या निर्णयाच्या मागे उभं राहणं सोपं जातं. वगळण्याचा अधिकारच नसेल तर निदान वेळ कुठे जास्त द्यायचा ते ठरवा. व्याख्या आणि वर्गीकरणं वाचायला द्या, आणि जिथे विद्यार्थी हमखास घसरतात तिथे तास खर्च करा.

वर्गात दीडशे-दोनशे विद्यार्थी आहेत, बाकं जमिनीला ठोकलेली आहेत. कसं जमणार?

जमतं. एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये मोठ्या व्याख्यान-वर्गातच आपली पद्धत बसवली. संकल्पनेवर एक बहुपर्यायी प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मधे असली तर शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगायचं आणि पुन्हा उत्तरं घ्यायची. यंत्र लागत नाही. हात वर करून किंवा रंगीत कार्डांनी चालतं. उलट, छोटा वर्ग आणि हलवता येणारी बाकं मिळाली म्हणून शिकवणं बदलतंच असं नाही. २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या २,००० हून अधिक तासांचं निरीक्षण प्रसिद्ध झालं, त्यात हेच दिसलं.

प्रश्न चांगला असणं मात्र अत्यावश्यक आहे, आणि चांगले पर्याय सुचणं कठीण असतं. प्रत्येकाने महिन्याला दोन प्रश्न तयार करून गटात तपासून घेतले तर वर्षाखेरीस सगळ्यांकडे वापरण्याजोगा साठा होतो.

विद्यार्थीच कुरकुर करतात. त्यांना नोट्स हव्या असतात.

हो, आणि त्याचंही कारण आहे. २०१९ मध्ये लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात तुलना केली. स्वतः काम कराव्या लागलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः झटताना आपलं अज्ञान सतत जाणवत राहतं. म्हणून पहिल्या आठवड्यातच हे मोकळेपणाने सांगा, छोटी चाचणी घेऊन दाखवा, आणि जमल्यास विभागातल्या दोघा-तिघांनी एकाच सत्रात सुरुवात करा. एकाच प्राध्यापकांनी वेगळं काही केलं की ती त्यांची लहर वाटते.

ज्येष्ठ प्राध्यापक तयार नाहीत.

त्यांना पटवण्यात पहिलं वर्ष घालवू नका. त्यांच्याकडे मदत मागा. विद्यार्थी कोणत्या घटकात कुठे चुकतात याचं त्यांच्याइतकं ज्ञान कुणाकडे नसतं, आणि प्रश्न तयार करायला तेच लागतं. मदतीला बोलावलेला माणूस पुष्कळदा थांबतो.

विभागप्रमुख म्हणून मी काय करू शकतो?

वेळापत्रकात जागा द्या. आठवड्यातला एक सामाईक मोकळा तास कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त काम करतो. गटाचा अहवाल मागायचा मोह टाळा. आणि शक्य असेल तर माणूस द्या. भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी कोलोरॅडो आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत जो मोठा उपक्रम राबवला, त्यात बदल एकेका प्राध्यापकात न घडवता अख्ख्या विभागात घडवायचा होता. निधी विभागाला मिळे, आणि त्या विषयातच पीएच.डी. झालेले, अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलेले तरुण सहकारी विभागात बसून प्राध्यापकांबरोबर एकेक अभ्यासक्रम नव्याने बांधत. तेवढा पैसा सगळीकडे नसतो. पण एखाद्या उत्साही सहकाऱ्याचा एका तासाचा भार कमी करून त्याच्याकडे हे काम सोपवणं बहुतेक विभागांना परवडतं.

बढतीत याला काही किंमत नाही. मग वेळ का घालवायचा?

तक्रार योग्य आहे. अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये अध्यापनालाही विद्वत्तेचा दर्जा द्यावा अशी मांडणी केली. त्यानंतर अनेक विद्यापीठांची भाषा बदलली, पण निकष तेवढे बदलले नाहीत. प्रमुखांनी आणि समित्यांनी यावर भांडायला हवं. तोवर गटाने केलेल्या बदलांच्या नोंदी, चिठ्ठ्यांचे आकडे, आधीचं-नंतरचं चित्र जपून ठेवा. त्यातून शोधनिबंधही होऊ शकतो. टिपणं खाजगी, निष्कर्ष सार्वजनिक, एवढं पथ्य पाळा.

परीक्षा जुनीच राहिली तर?

मग विद्यार्थी जुन्याच पद्धतीने शिकतील आणि ते शहाणपणाचंच ठरेल. निदान अंतर्गत गुणांचा भाग तुमच्या हातात असतो. तिथे कारण द्या, तुलना करा, चूक शोधा अशा प्रश्नांना गुण ठेवा आणि ते गटाकडून एकदा वाचून घ्या.

आमच्याकडे तयार असलेले आम्ही दोघंच आहोत. सुरुवात करावी का?

करा. दोघांनी या आठवड्यात आपापल्या वर्गात एकेक प्रश्न टाका, चिठ्ठ्या गोळा करा आणि चाळीस मिनिटं एकत्र बसून ढीग करा. एकमेकांच्या चिठ्ठ्या बदलून वाचा, स्वतःच्या नंतर. सत्राच्या मध्यावर एकमेकांच्या विद्यार्थ्यांशी बोला. पुढच्या सत्रात चिठ्ठ्यांचे ढीग स्टाफरूमच्या टेबलावरच करा. "हे काय चाललंय?" असं जे विचारतील, त्यांच्या हातात एक गठ्ठा द्या.